तिन्ही कॅसेट १९ मिनिटं ५३ सेकंदांनीच का थांबत होत्या

आमच्या आजीचा आवाज असलेल्या पाच मिनीडीव्ही कॅसेट घरात आहेत. २००४ च्या दिवाळीत काकाने गावी, वाईजवळ, कॅमेरा स्टँडवर लावला, आजीला जात्यावर बसवलं आणि सांगितलं आई तू दळ आणि म्हण, इकडे बघूच नको. आजीने खरंच बघितलं नाही. पाच कॅसेटभर ती दळतेय, ओव्या म्हणतेय, मधेच जात्यात वैरण, म्हणजे मूठभर धान्य, घालतेय, मधेच कोणाला तरी दार लावून घ्यायला सांगतेय. आजी २०११ ला गेली आणि त्या कॅसेट कपाटात राहिल्या. गेल्या पावसाळ्यात एका कॅसेटच्या डबीला आतून बुरशी दिसली तेव्हा म्हटलं आता एक दिवसही घालवायचा नाही.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या एका दादांकडून जुना चालू कॅमेरा मागून आणला, फायरवायर पोर्ट (अशा कॅमेऱ्याची केबल लागते तो) असलेला माझा जुना लॅपटॉप काढला, त्यावर डेबियन लिनक्स होतंच, आणि टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवणारा डीव्हीग्रॅब नावाचा प्रोग्राम टाकला. मिनीडीव्हीचं एक फार चांगलं असतं, टेपवर आधीपासून डिजिटल डेटाच असतो, त्यामुळे कॅप्चर म्हणजे खरं तर कॉपीच, क्वालिटी कणभर जात नाही. आपल्याकडच्या पाल सिस्टिममध्ये सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि डीव्हीची प्रत्येक फ्रेम बरोब्बर १,४४,००० बाइटची असते, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट, तासाला साधारण १३ जीबी. हा १,४४,००० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे माझं सगळं काम त्यानेच झालं.

पहिल्या कॅसेटला डीव्हीग्रॅबने ढीगभर फायली करून ठेवल्या. प्रत्येक साधारण पाच मिनिटांची. मला वाटलं टेप खराब आहे म्हणून तुटतंय, पण तसं नव्हतं, डीव्हीग्रॅबची डिफॉल्ट मर्यादाच एका फायलीला १०२४ एमबी आहे, तेवढं झालं की तो नवीन फाइल उघडतो. साइजच्या ऑप्शनला शून्य दिलं की मर्यादा जाते. शून्य देऊन परत कॅप्चर केलं. मला एक कॅसेट एक फाइल असंच हवं होतं कारण आजीची ओवी पाच मिनिटांच्या हिशोबात बसत नाही, ती एका नात्यावरून दुसऱ्या नात्यावर जाते, भावावरून माहेरावर, माहेरावरून विठ्ठलावर, तो धागा मधेच तोडायचा नव्हता. तीन कॅसेट अशा झाल्या, प्रत्येकी ६१ मिनिटांच्या आसपास, प्रत्येकी १३ जीबीच्या थोडी पुढे. उरलेल्या दोन कॅसेट बुरशीच्या असल्यामुळे बाजूला ठेवल्या.

आता हे इचलकरंजीला आत्याकडे पाठवायचं होतं. आत्याने तिच्याकडचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दिलेला, त्यात तिची थोडी भजनं आणि नातवाचे फोटो होते, ते पुसायचे नाहीत असं बजावून सांगितलेलं. जागा बघितली तर ५० जीबीच्या वर रिकामी. ४० जीबी आरामात बसणार. रात्री साडेअकराला सीपी ही कॉपीची कमांड दिली, तिच्यापुढे अर्धविराम टाकून मशीन बंद करायची कमांड दिली आणि झोपलो. सकाळी लॅपटॉप बंद झालेला होता, पेनड्राइव्हवर तिन्ही फायली दिसत होत्या, मामा त्याच दिवशी कोल्हापूरला निघाला होता त्याच्या हातात दिला.

दोन दिवसांनी आत्याचा फोन. आवाज भरून आलेला. म्हणाली, "अरे बाळा, आई बोलताबोलता मधेच गप्प होते रे. तिन्हीतही. ओवी पुरी होत नाही." आतेभावाला फोन द्यायला सांगितला, त्याने लॅपटॉपवर एकेक फाइल लावून शेवटची वेळ वाचून दाखवली. पहिली १९ मिनिटं ५३ सेकंद. दुसरी १९ मिनिटं ५३ सेकंद. तिसरी पण तेवढीच.

टेप खराब असती तर तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी तुटल्या असत्या. पेनड्राइव्ह भरला असता तर पहिली पूर्ण, दुसरी पूर्ण आणि तिसरी अर्धी असं काहीतरी झालं असतं. तिन्ही एकाच सेकंदाला थांबतात म्हणजे कोणीतरी मोजून थांबवतंय. आतेभावाला म्हटलं फायलीवर राइट क्लिक करून साइज बाइटमध्ये वाच. ४,२९,४९,६७,२९५. तिन्हींची तीच.

हा आकडा म्हणजे २ चा ३२ वा घात वजा एक. तिथे सगळं कळलं. पेनड्राइव्ह फॅट३२ होता, म्हणजे फायली मांडून ठेवायच्या जुन्या पद्धतीचा. टीव्हीवर चालावा म्हणून कधीतरी मीच तो तसा फॉरमॅट करून दिला होता. फॅट३२ मध्ये प्रत्येक फायलीची जी नोंद असते, नाव, तारीख, सुरुवात कुठे, त्यात साइज लिहायला ३२ बिटांचा एकच रकाना आहे. त्या रकान्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. फॅट३२ आलं १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्डडिस्कच एकदोन जीबीची असायची, एक फाइल ४ जीबीची होईल हा विचार तेव्हा कोण करणार. डिस्कवर जागा किती आहे आणि एक फाइल किती मोठी चालते या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी फक्त पहिली बघितली होती. जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला मोठा टी लावला असता तर टाइपच्या कॉलममध्ये व्हीफॅट (लिनक्स फॅटला हेच म्हणतं) असं स्वच्छ लिहून आलं असतं, दोन सेकंदांचं काम.

आणि सीपीने मला सांगितलं पण होतं. नंतर करून बघितलं तर "फाइल टू लार्ज" असा एरर प्रत्येक फायलीला येतो, सीपी जेवढं लिहिलं तेवढं तसंच ठेवतो आणि पुढच्या फायलीकडे जातो. तुटकी फाइल काढून टाकत नाही, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला फाइल आहे असंच दिसतं. माझी चूक अर्धविरामाची होती. अर्धविराम म्हणजे आधीची कमांड जमो न जमो, पुढची चालव. तिथे दोन अँपरसँड हवे होते, म्हणजे कॉपी नीट झाली तरच मशीन बंद झालं असतं आणि सकाळी एरर समोर दिसला असता. तेव्हापासून कॉपीच्या पुढे मी अर्धविराम टाकलेला नाही.

पेनड्राइव्ह मामाबरोबर परत आला. सरळ उपाय म्हणजे तो एक्सफॅट, म्हणजे मोठ्या फायली चालणाऱ्या नव्या पद्धतीने, फॉरमॅट करून टाकणे. पण त्यात आत्याची भजनं, आणि तिचा टीव्ही जुना, तो फक्त फॅट३२ वाचतो, आत्या रोज सकाळी त्याच टीव्हीवर तोच पेनड्राइव्ह लावून भजनं ऐकते. तिचं रोजचं मोडून मला माझं सोपं करायचं नव्हतं. म्हणजे फॅट३२ तसंच ठेवायचं आणि फायलीचे तुकडे करायचे.

स्प्लिट कमांडला साइज ४जी दिली आणि तुकडे थेट पेनड्राइव्हवर काढायला लावले. पहिल्याच तुकड्याला परत फाइल टू लार्ज! डोकं धरून बसलो, मग मोजलं. स्प्लिटच्या भाषेत ४जी म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट. मर्यादा आहे २९५ ची. एका बाइटने जास्त. कोणी तुकडे करणार असेल तर ४जी लिहू नका, ४०००एम लिहा, बिनधास्त बसतं.

४०००एम ने तुकडे झाले, कॅट कमांडने जोडून बघितले तर परत मूळ फाइल जशीच्या तशी. पण आत्याच्या घरी कोण जोडणार? विंडोजवर कॉपी कमांडला स्लॅश बी लावून जोडता येतं, आतेभावाला जमलंही असतं, पण जोडलेली फाइल त्या पेनड्राइव्हवर परत बसणार नाहीच. आणि न जोडता लावावं तर पहिला तुकडा चालायचा, दुसऱ्याच्या सुरुवातीला कधी कचरा दिसायचा तर कधी प्लेअर उघडतच नव्हता, कारण तुकडा एखाद्या फ्रेमच्या मधोमध पडलेला.

इथे १,४४,००० आठवलं. कच्च्या डीव्ही फायलीत वर काही टोपी नसते, अनुक्रमणिका नसते, नुसत्या फ्रेमला फ्रेम लावलेल्या असतात. मग तुकडा १,४४,००० च्या पटीत पाडला तर प्रत्येक तुकडा म्हणजे स्वतंत्र, पूर्ण, चालणारा व्हिडिओ. एमपी४ ला हे चालत नाही हे आधीच सांगतो, तिथे फाइल अशी चिरली तर तुकडे बहुतेक वेळा उघडतच नाहीत, त्याला एफएफएमपेग सारखं काहीतरी वापरून वेळेनुसार कापावं लागतं. पण कच्च्या डीव्हीला चालतं. २७,००० फ्रेम म्हणजे १८ मिनिटं, म्हणजे ३,८८,८०,००,००० बाइट, मर्यादेच्या आत. स्प्लिटला तोच आकडा दिला. १८, १८, १८ आणि शेवटचा सात मिनिटांचा असे चार तुकडे झाले आणि चारही व्हीएलसीवर एकदम गुळगुळीत चालले.

पण ऐकायला बसलो तर १८ व्या मिनिटाला आजीची ओवी अर्ध्यावर. पहिल्या ओळीतलं "सांगते" एका फायलीत आणि काय सांगते ते दुसऱ्या फायलीत. फ्रेम वाचली पण ओवी तुटली. मग ठरवलं, यंत्राने मोजून तोडायचं नाही, ऐकून तोडायचं.

एक अख्खा रविवार त्यात गेला आणि माझ्या आयुष्यातल्या चांगल्या रविवारांपैकी तो एक होता. आजी दर थोड्या वेळाने थांबते, सुपातलं धान्य मुठीने जात्याच्या तोंडात घालते, पदर सारखा करते, एक श्वास घेते, मग परत खुंटा धरते. तो श्वास म्हणजे माझी कापायची जागा. मर्यादेत जास्तीत जास्त २९,८२६ फ्रेम बसतात, म्हणजे १९ मिनिटं ५३ सेकंदांच्या आत मागे मागे येत कुठली वैरण शेवटची ते शोधायचं. पहिल्या कॅसेटला ती १६ मिनिटं २२ सेकंदांवर मिळाली. म्हणजे ९८२ सेकंद, २४,५५० फ्रेम. आता स्प्लिट नको, डीडी नावाची कमांड घेतली. डीडीला ब्लॉक साइज १,४४,००० दिली की एक ब्लॉक म्हणजे एक फ्रेम, मग स्किपमध्ये किती फ्रेम सोडायच्या आणि काउंटमध्ये किती घ्यायच्या एवढंच लिहायचं. पहिला तुकडा काउंट २४,५५०. दुसऱ्याला स्किप २४,५५० आणि पुढचा काउंट. डीडीला लोक घाबरतात आणि बरोबरच आहे, आउटपुटच्या जागी डिस्कचं नाव पडलं तर सगळं जातं, पण फायलीतून फायलीत काढायला यासारखं नेमकं हत्यार नाही. फक्त एंटर मारायच्या आधी ऑफ ने (म्हणजे आउटपुट फाइल) सुरू होणारा भाग दोनदा वाचा.

सगळे तुकडे कॅटने ओळीने जोडून त्याचा शा२५६ चेकसम (फायलीच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढला, मूळ फायलीचा काढला, दोन्ही सारखे. एक फ्रेमही हरवली नव्हती. जुना टीव्ही डीव्ही फाइल ओळखतच नाही म्हणून एफएफएमपेगने प्रत्येक कॅसेटची एक एमपी४ पण केली, ती दीड जीबीच्या आत बसली, तिला तुकड्यांची गरजच नाही. हे आधी सुचलं असतं तर टीव्हीपुरतं काम तासाभरात झालं असतं, पण एमपी४ मध्ये क्वालिटी थोडी जाते, आणि मूळ डेटा किमान दोन घरी असावा हे माझं पहिल्यापासून पक्कं होतं.

या वेळेला कॉपी करून ताडून पण बघितलं, आणि त्यात एक गोष्ट कळली जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती. लिनक्स आधी सगळं रॅममध्ये घेतं आणि मागून सावकाश पेनड्राइव्हवर लिहितं, म्हणून प्रॉम्प्ट परत आला तरी लिहिणं चालूच असतं, सिंक दिल्यावर किंवा अनमाउंट करताना जो वेळ लागतो तो त्याचाच. आणि कॉपीनंतर लगेच चेकसम काढला तर तो पण रॅममधल्याच प्रतीवरून निघू शकतो, म्हणजे पेनड्राइव्हवर काय उतरलं ते तपासलंच जात नाही. म्हणून अनमाउंट केलं, पेनड्राइव्ह काढला, परत लावला आणि मग चेकसम काढले. पाऊण तास लागला. सगळे जुळले.

तिसरी प्रत पुण्यातल्या एका मित्राच्या घरच्या सर्व्हरवर ठेवायचं ठरलं, तिथे अख्ख्या फायलीच ठेवायच्या. त्याची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम), तिथे एक फाइल १६ टीबीपर्यंत चालते, म्हणजे काही प्रश्नच नाही असं मी धरून चाललो. नेटवरून कॉपी करणारा आरसिंक लावला, रात्रभर चालला आणि मधेच कनेक्शन अचानक बंद झाल्याचा एरर. परत लावला, परत तेच. दोन रात्री मी नेटला दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी सर्व्हरवर उरलेल्या अर्धवट फायलीची साइज बघितली, ८ जीबीला थांबलेली. आता गोल आकडा दिसला की मला शंका येते. सर्व्हरवर लॉगिन करून ट्रंकेट कमांडने ९ जीबीची रिकामी फाइल बनवायला सांगितली, ट्रंकेट अशी फाइल क्षणात बनवतो, खरी जागा पण खात नाही. लगेच "फाइल साइज लिमिट एक्सीडेड" आणि प्रोग्राम खलास. युजरच्या मर्यादा सांगणाऱ्या युलिमिट कमांडला डॅश एफ लावून विचारलं तर उत्तर आलं ८३,८८,६०८. बॅशमध्ये (ज्यात या कमांड टाइप करतो त्या शेलमध्ये) हे १०२४ बाइटच्या हिशोबात असतं, म्हणजे बरोब्बर ८ जीबी.

मित्राला फोन केला तर त्याला आठवलं, मागे एकदा कुठल्या तरी प्रोग्रामची लॉग फाइल वाढत वाढत डिस्क भरून गेली होती म्हणून त्याने सगळ्या युजरना ही मर्यादा लावून ठेवली होती. म्हणजे इथे फाइलसिस्टिमचा काही संबंध नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसवर (चालू प्रोग्रामवर) लक्ष ठेवतो आणि मर्यादेपुढे लिहायला गेली की सिग्नल पाठवून तिला थांबवतो. ही हार्ड लिमिट असेल तर साध्या युजरला ती वाढवता येत नाही, फक्त कमी करता येते. मित्राने लिमिट्सच्या कॉन्फिग फायलीत माझ्या नावापुढे अनलिमिटेड लिहिलं. तरी फरक पडेना, कारण माझं जुनं लॉगिन चालूच होतं आणि मर्यादा लॉगिन करताना लागते. बाहेर पडून परत आत गेलो, युलिमिटने अनलिमिटेड दाखवलं आणि आरसिंकने उरलेलं काम पूर्ण केलं. अर्धवट फायली ठेवायचा ऑप्शन मी लावला होता म्हणून पहिले आठ जीबी परत पाठवावे लागले नाहीत. तो ऑप्शन नसता तर अर्धवट फाइल पण दिसली नसती आणि मी अजून नेटलाच दोष देत बसलो असतो.

आता नवीन कुठेही मोठी फाइल टाकायची असली की आधी तिथे ट्रंकेटने हवी त्यापेक्षा थोडी मोठी खोटी फाइल बनवून बघतो आणि काढून टाकतो. फॅट३२ वर ५जी म्हटलं की तो तिथल्या तिथे नाही म्हणतो, मर्यादा प्रोसेसवर असली तरी तिथल्या तिथे कळतं, रात्र वाया जात नाही.

काकासाठी म्हणून एक नवीन १२८ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, त्याला कोणाची भजनं सांभाळायची नव्हती, तो एक्सफॅट केला. पूर्वी लिनक्सवर एक्सफॅटसाठी वेगळा फ्यूजचा (कर्नलच्या बाहेर चालणारा) ड्रायव्हर टाकावा लागायचा, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचं स्पेसिफिकेशन उघडं केलं आणि २०२० च्या ५.७ कर्नलपासून सॅमसंगने दिलेला नीट ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, फॉरमॅट करायला फक्त एक्सफॅटप्रोग्ज नावाचं पॅकेज लागतं. तिन्ही अख्ख्या फायली एका दमात उतरल्या. एक्सफॅटला जर्नल, म्हणजे बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद, नसतं, लिहिताना मधेच उपटला तर गडबड होऊ शकते, म्हणून काकाला सांगून ठेवलंय की इजेक्ट केल्याशिवाय काढायचा नाही.

आत्याकडे पेनड्राइव्ह दुसऱ्यांदा पोचला त्या रात्री तिचा फोन आला. दुसऱ्या कॅसेटचा दुसरा तुकडा ऐकत होती. मूळ फायलीत ते ३१ व्या मिनिटाच्या आसपास येतं, आजी ओवीची एक ओळ म्हणते आणि दुसरी ओळ कॅमेऱ्याच्या मागून कोणीतरी बाई उचलते, आजी मान न वळवता हसते आणि पुढची ओळ परत तिच्यावर सोडते. मी कापताना ते चार वेळा ऐकलं होतं, मला वाटलं शेजारच्या कोणी काकू असतील. आत्या म्हणाली, "अरे ती मी आहे. मी पीठ न्यायला आले होते." आणि मग फोनवरच तिने ती ओळ म्हणून दाखवली, त्याच चालीत.

तिला तेवढंच वेगळं हवंय, तीन मिनिटांचं, नातीला पाठवायला. ४,५०० फ्रेम. आज रात्री कापतो. आणि बुरशीच्या दोन कॅसेट साफ करून देणारा एक माणूस कोल्हापुरात सापडलाय, पुढच्या महिन्यात घेऊन जाणार आहे.